चौथ्या सालाची द्राक्षं

सारहेज गावात सेरेना लेब्लोव्हिचचं नाव निघालं की लोक आधी तिच्या बदकांचं कौतुक करायचे आणि मग तिच्या बागेची थट्टा. बदकं चाळीस-पन्नास होती, पांढरीशुभ्र, नाल्याकाठी दिवसभर भांडणारी. नवरा इझिडोर गेल्यापासून त्यांच्या चरबीवर आणि पिसांवर तिचं घर चालत होतं. बाग होती अस्वलउतारावर, चार माणसांनी मनावर घेतलं तर दोन दिवसांत खुरपून होईल एवढीच. पण गोड दारूसाठी नावाजलेल्या तोकायच्या बाजूच्या त्या टेकड्यांत प्रत्येक उताराला नाव असतं आणि प्रत्येक नावाला वजन. अस्वलउतारावर सकाळी पडलेलं ऊन संध्याकाळी नाइलाजानं उठून जायचं. तिथं ज्याची बाग, त्याच्याशी दारूचा व्यापारीसुद्धा उभं राहून बोलायचा.

थट्टेचं कारण सेरेनानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. इझिडोरच्या हातच्या जुन्या वेली एका हिवाळ्यात गारठून मेल्या. बाकीचे लोक मेलेल्या वेली थोड्या थोड्या काढतात, थोड्या थोड्या लावतात, म्हणजे घरातली दारू तुटत नाही. सेरेनानं आणि तिच्या मुलानं, मिक्शानं, एकोणीसशे एकोणचाळीसच्या वसंतात अख्खी बाग एकदम उपटली आणि एकदम नवी कलमं लावली. प्रत्येक खड्डा मिक्शानं खणला, प्रत्येक कलम सेरेनानं धरलं. आणि मग त्यांनी शास्त्राप्रमाणे वाट पाहायला सुरुवात केली.

नव्या वेलीचं पहिल्या तीन सालांचं फळ ज्यूंना निषिद्ध. खायचं नाही, विकायचं नाही, आणि बाहेरच्या कुणाला उचलून द्यायचंही नाही, कारण दिल्याचं समाधान हासुद्धा एक फायदाच. चौथ्या सालाचं फळ देवाचं. ते मालकानं आशीर्वादाचे शब्द म्हणून, त्याचं देवपण एका नाण्यावर उतरवून सोडवून घ्यायचं, आणि मग ते त्याचं होतं. मग खा, पिळा, शनिवारच्या शब्बाथच्या पेल्यात भरा.

दुसऱ्या साली वेलींनी चार-दोन घड धरले. तिसऱ्या साली मात्र असे लगडले की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. ते घड हिरवे असतानाच कापून पुरायचं काम गेर्गेय बोदोलाईकडे होतं. गेर्गेय इझिडोरच्या वेळेपासून रोजंदारीवर यायचा. हात मोठे, जीभ त्याहून मोठी. कात्री चालवता चालवता तो विचारायचा, "काकू, तुमच्या देवाला आंबट चालत नाही की गोड चालत नाही?"

"त्याला घाई चालत नाही," सेरेना म्हणायची.

"मग आमच्या पोरांची आणि त्याची एकदा ओळख करून द्या. सहा आहेत, सगळी घाईतली."

ती हसायची आणि दुपारी त्याच्या डब्यात बदकाच्या चरबीची जाड पोळी घालायची. पण घड ती देऊ शकत नव्हती. त्या तिसऱ्या उन्हाळ्यात गेर्गेयची बायको बोरिश्का त्याचं जेवण घेऊन आली, कडेवर धाकटी होती. त्या पोरीनं खड्ड्यातल्या हिरव्या ढिगाकडे हात केला. बोरिश्कानं पोरीचा हात धरून खाली घेतला, सेरेनाकडे पाहिलं, आणि निघून गेली. ते पाहणं सेरेनाला रात्रभर खुपलं. सकाळी तिनं बोदोलाईंच्या घरी एक अख्खं बदक पाठवलं. बोरिश्कानं ते घेतलं, आभारही मानले. पण खड्ड्यात गेलेल्या द्राक्षांची भरपाई बदकानं होत नसते, हे दोघींनाही कळत होतं.

दर डिसेंबरात बागवाल्यांच्या कचेरीत एक कागद भरावा लागे, या साली अमुक बागेत पीक किती निघालं. सेरेनानं तिन्ही साली आपल्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द लिहिला, "निरंक". मिक्शानं एकदा विचारलंही होतं, आई, निरंक कसं, टोपल्याच्या टोपल्या पुरल्या की आपण. ती म्हणाली, जे आपलं नाही ते आपल्या नावावर कसं लिहायचं? मिक्शाला ते पटलं. तोही त्याच शास्त्रात वाढलेला.

बेचाळीसच्या वसंतात मिक्शाला लष्करी बेगारीवर नेलं. ज्यू पोरांना बंदूक देत नव्हते. दंडाला पिवळी पट्टी आणि हातात फावडं, आणि पलटणीच्या पुढे चालवत युक्रेनकडे. जाताना तो आईला दुसरं काही बोलला नाही, छाटणीचंच बोलला. किती डोळे ठेवायचे, कुठल्या ओळीत माती खचलीय. आगगाडी हलली तेव्हा म्हणाला, "यंदा चौथं साल आहे आई. माझ्यासाठी थांबू नकोस, तोडून घे. एक बाटली तेवढी ठेव."

जुलैपर्यंत त्याची कार्डं आली. शेवटच्या कार्डावर तीन ओळी होत्या. मी बरा आहे, लोकरीचे मोजे पाठव, आणि घड किती धरलेत ते लिही, वाढवून लिहिलंस तरी चालेल. सेरेनाला वाढवून लिहायची गरज पडली नाही. वेलींनी त्या साली खुंट वाकवले होते. तिनं ओळी मोजून, घड मोजून, कार्डभर बारीक अक्षरात लिहिलं. उत्तर आलं नाही. ऑगस्ट गेला. ती रोज सकाळी बदकं सोडायची आणि उतारावर चढायची. मुलाची काही खबर नसली तरी त्याच्या हातच्या वेली रोज दिसत होत्या, रोज थोड्या पिकत होत्या. पोस्टमन समोरून आला की ती हल्ली बागेबद्दलच बोलायची, म्हणजे त्याला मान हलवून नाही म्हणावं लागू नये.

सप्टेंबरात दवंडीवाल्यानं चर्चपुढच्या चौकात ढोल वाजवला आणि कागद वाचला. ज्यूंच्या मालकीची शेतं, रानं, द्राक्षबागा सरकार ताब्यात घेणार. पराक्रमी सैनिक आणि लेकुरवाळ्या ख्रिस्ती कुटुंबांना वाटणार. वाचून झाल्यावर त्यानं ढोल पुन्हा वाजवला, पद्धतच होती तशी. लोक आपापल्या बुटांकडे बघत पांगले. काहींनी बघत बघत हिशेबही केला असेल.

जमीन जाणार हे सेरेनाला त्या ढोलाबरोबरच कळून चुकलं. तिनं रडारड केली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तिची भूक मेली, आणि आठवड्याभरानं तिनं आपली आशा कात्रीनं छाटावी तशी छाटून लहान केली. जमीन जाऊ दे. एवढं एक पीक हाती यावं. चौथं साल. एक पिंप, नाही तर अर्धं. मिक्शा येईल तेव्हा घरात त्याच्या वेलींची दारू असावी. तो येईल की नाही, हा प्रश्न तिनं त्या पिंपाच्या मागे लपवून ठेवला होता.

मंडपाचा सण, ज्यूंचा सुगीचा सण, संपला आणि ग्रामकचेरीच्या फळ्यावर हुकूम लागला. फळ धरत्या बागांच्या मालकांनी यंदाचं पीक काढून घ्यावं आणि मग ताबा द्यावा. पडीक आणि न धरत्या बागांचा ताबा आठ दिवसांत, जागेवर असेल त्यासकट. खाली दोन याद्या. सेरेनानं पहिली यादी दोनदा वाचली. मग दुसरी. दुसऱ्या यादीत वरून तिसरं नाव तिचं होतं.

ग्रामकारकून वार्कोनी वाईट माणूस नव्हता. इझिडोर त्याच्याबरोबर पत्ते खेळायचा. तिला पाहून तो खुर्चीतून अर्धा उठला, आणि उठणं बरं दिसेल की नाही याचा विचार करून पुन्हा बसला.

"साहेब, चूक झालीय," ती म्हणाली. "माझी बाग धरती आहे. वर येऊन बघा. खुंट मोडायला आलेत."

"मी कशाला बघू लेब्लोव्हिचबाई, जिल्ह्याच्या कमिटीनं कागद बघितलेत." त्यानं फायलीतून तीन कागद काढून तिच्यापुढे ओळीनं मांडले. "हे अक्षर कुणाचं?"

तिनं पाहिलं. निरंक, निरंक, निरंक.

"माझं."

"तीन वर्षं काही न देणारी बाग म्हणजे त्यांच्या व्याख्येत पडीक. मी काय करू सांगा."

तिनं त्याला सगळं समजावलं. तीन सालं, निषिद्ध फळ, खड्डे. वार्कोनीनं ऐकून घेतलं. त्याला ते ठाऊकही होतं, गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि फायलीत असणं वेगळं, असं तो म्हणाला. बागेत प्रत्यक्ष काम केलेल्या दोन ख्रिस्ती माणसांनी लिहून दिलं, की घड धरले होते आणि आमच्या डोळ्यांदेखत कापून पुरले, तर नाव या यादीतून त्या यादीत नेता येईल. चार दिवसांच्या आत.

दोन ख्रिस्ती माणसं. कात्री ज्याच्या हातात होती तो एक, आणि जिनं खड्ड्यात डोकावून पाहिलं ती दुसरी. सेरेना तशीच बोदोलाईंच्या घरी गेली.

गेर्गेय अंगणात मक्याची कणसं सोलत होता. तिला पाहून त्याच्या हाताचा वेग वाढला. तिनं सांगितलं, त्यानं ऐकलं, कणसं सोलत राहिला. सही ना काकू, सहीचं काय, असं तो कणसांशीच बोलल्यासारखा म्हणाला. खरं ते खरं. मी कापलेत, मीच पुरलेत, नाही कशाला म्हणू. उद्या सकाळी कचेरीत येतो.

"तो येणार नाही," बोरिश्का दारातून म्हणाली. तिचे हात पिठानं भरलेले होते. "काकू, तुम्ही आमच्याशी कधी वाईट वागला नाहीत. म्हणून तुम्हाला दारातून खोटं बोलून घालवत नाही. यानं अर्ज केलाय. तुमच्याच बागेचा."

गेर्गेयनं कणीस खाली ठेवलं. "बोरिश्का."

"सहा पोरं म्हणून आमचा नंबर लागतोय. पिकासकट मिळाली तर या हिवाळ्यात पोरांना बूट येतील. पीक काकूंनी नेलं तर आमच्या वाट्याला काड्या. तू सही कर, मी अडवत नाही. फक्त जाताना पोरांना तेवढं सांगून जा."

सेरेना म्हणाली, "बोरिश्का, माझा मिक्शा तुमच्या ओसरीवर वाढला."

"हो. आणि गुणी पोरगा आहे, त्याच्यासाठी मी मेरीमातेपुढे मेणबत्ती लावते, खोटं नाही." बोरिश्कानं पिठाचे हात एकमेकांवर झाडले. "पण माझी पोरगी तुमच्या बांधावर उभी होती, आणि तुम्ही द्राक्षं मातीला खाऊ घालत होतात. तुमचा धर्म असेल. मला आता तुमच्या धर्माची साक्ष द्यायला बोलवू नका."

सेरेनाजवळचं उत्तर शास्त्रातलं होतं, आणि त्या दारात त्याचा उपयोग नव्हता. ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. गेर्गेय आला नाही. वार्कोनी जेवायला बाहेर पडला, जेवून परत आला, ती तिथंच.

शेवटी त्यानंच तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, एक वाट आहे. तुम्ही लिहून द्या की पीक निघालं होतं. तीनही साली. तुम्ही ते घरात वापरलं, विकलं, आणि कागदावर दाखवलं नाही.

"पण मी ते खाल्लं नाही."

"ते मला माहीत आहे."

"आमच्यात ते खाणं म्हणजे..." ती थांबली. डुकराचं मांस म्हटलं असतं तर त्याला चटकन समजलं असतं.

"बाई, तुम्हाला बाग धरती ठरवून हवीय ना? धरत्या बागेत पीक निघतं. पीक निघालं तर ते कुणीतरी खाल्लं. दंड होईल थोडा, एवढंच. चार ओळी लिहा, तुमचं नाव या यादीतून काढून त्या यादीत घालतो, सोमवारपासून तोडणी सुरू करा. इझिडोर असता तर त्यालाही मी हेच सांगितलं असतं."

इझिडोर असता तर त्यानं दौत भिंतीवर फेकली असती. सेरेनाला ते स्पष्ट दिसलं. तिला रेब माइलेखही दिसले, गावचे धर्मनिवाडा करणारे म्हातारे, ज्यांच्याकडे ती कोंबडीच्या पोटात खिळा सापडला तरी ती खावी का हे विचारायला धावायची. त्यांना विचारायला ती या वेळी गेली नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मिळालं की पाळावं लागतं.

तिनं लिहिलं. मी, इझिडोर लेब्लोव्हिचची विधवा सेरेना, कबूल करते की अस्वलउतारावरच्या माझ्या बागेतलं फळ मी पहिल्या सालापासून खाल्लं आणि विकलं. लिहिताना तिचं अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं, याचं तिला नवल वाटलं. पहिल्या साली तर वेलींना पानांशिवाय काही आलंच नव्हतं. खोट्यातसुद्धा ती भाबडी राहिली होती. वार्कोनीनं ते वाचलं आणि शिक्का मारला.

कागद कचेरीत राहिला, पण त्यातल्या ओळी त्याच संध्याकाळी गावभर झाल्या. शब्बाथला सिनेगॉगच्या बायकांच्या सज्जात तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. फानी नावाची तिची लांबची वहिनी, जी वीस वर्षं तिच्याकडून बदकाची चरबी घ्यायची, तिनं निरोप पाठवला, या खेपेला नको, घरात पुरेशी आहे. तीन सालं निषिद्ध फळ खाणाऱ्या बाईच्या घरची चरबी कोण खाणार? सेरेनानं कुणाला काही समजावलं नाही. समजावायला लागली असती तर ते पुन्हा कचेरीपर्यंत गेलं असतं. तिला गप्प राहून आपलं खोटं सांभाळायचं होतं, सोमवारपर्यंत.

सोमवारी सकाळी परवानगीचा कागद खिशात घालून ती उतारावर चढली. तोडायला माणसं मिळतील अशी तिला आशा नव्हती. वर पोचली तर बांधावर रेब माइलेख बसले होते, शेजारी उलटी टोपली. सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू.

"रेब, तुम्ही इथं कसे?"

"आता उतारावर चढणारी पोरं सगळी फावडी घेऊन गेलीत. उरलो मी." त्यांनी टोपली सुलटी केली. "काय कापायचं ते हाताला कळतं. डोळे लागत नाहीत."

ती म्हणाली, "रेब, मी कागदावर काय लिहिलंय ते तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय. आणि तू काय केलंस, काय नाही, तेही कळतं मला. खोटं लिहिलंस ते वाईट झालं. त्याचं बघू नंतर. आता ऊन चढतंय."

दिवसभर ती दोघं तोडत होती. म्हातारा एकेका घडाला पानाखालून चाचपून, उचलून, जणू झोपलेलं मूल पाळण्यातून काढावं तसा खाली ठेवायचा. मधल्या ओळींत काही मणी पिकून पिकून सुरकुतले होते, त्यांचा वास मधासारखा यायचा. सेरेना ते वेगळे ठेवत होती. संध्याकाळपर्यंत दोन पिंपं भरली. तिला भूक लागली, कितीतरी आठवड्यांनी. उद्या उरलेल्या ओळी, परवा पिळणी. पिळणीला ज्यू हातच लागतात, एकदा रस सुटला की त्याला बाहेरच्याचा हात लागता कामा नये. तर रेब आणि ती. जमेल. रेबनी खिशातून एक चांदीचं नाणं काढून दाखवलं, सोडवण्यासाठी मी आणलंय म्हणाले, परवा पिळायच्या आधी आशीर्वाद तू म्हण, तू मालकीण.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास खालून बैलगाडीचा आवाज आला. गाडीवर गेर्गेय होता. गाडीपुढे पिसांची टोपी घातलेला पोलीस, आणि मागे वार्कोनी, धापा टाकत. त्याच्या हातातला कागद पाहूनच सेरेनानं कात्री खाली ठेवली.

वार्कोनीनं तिच्याकडे न बघता वाचलं. युद्धकाळात तीन वर्षं पीक दडवल्याची मालकिणीनं स्वतः लेखी कबुली दिलेली असल्यामुळे यंदाचं पीक, तोडलेलं आणि न तोडलेलं, सरकारजमा. खटला वेगळा चालेल. वाचून झाल्यावर तो म्हणाला, जिल्ह्याला मी फक्त यादीतला बदल कळवला होता, कबुलीचा कागद त्यांनी मागून घेतला. असं करतील असं मला वाटलं नव्हतं, लेब्लोव्हिचबाई, माझ्या मुलीची शपथ. त्याचं तोंड असं झालं होतं की शपथ खरी असावी. त्यानं काही फरक पडत नव्हता.

सेरेना म्हणाली, "मी ते खाल्लं नाही. हा गेर्गेय इथं आहे. त्याला विचारा. कात्री त्याच्या हातात होती."

पोलिसानं गेर्गेयकडे पाहिलं. गेर्गेय बैलांचं जू नीट करत होता. जू नीटच होतं. बराच वेळ त्यानं ते नीट केलं.

"विचारून काय," वार्कोनी हळूच म्हणाला. "आता तो बोलला तरी तुमच्या सहीविरुद्ध बोलेल."

पोलिसाला घाई होती. त्यानं पिंपं चढवायला सांगितली. गेर्गेयनं एकट्यानं पहिलं पिंप उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. रेब माइलेख पुढे आले आणि दुसऱ्या बाजूनं हात लावू लागले. सेरेनानं त्यांना थांबवलं, आणि आपण हात लावला. तिनं आणि गेर्गेयनं दोन्ही पिंपं गाडीवर ठेवली. दुसरं ठेवताना गेर्गेय पुटपुटला, काकू, त्या दिवशी मी निघालो होतो, कोपऱ्यापर्यंत आलो होतो. ती म्हणाली, पुढच्या ओळीतल्या चार वेलींना आधार दे, खुंट सडलेत, मिक्शा बदलणार होता. मग तिला कळलं की आपण हे बोलायला नको होतं, पण बोललेलं परत घेतलं नाही.

पोलीस तसा तरुण होता, शेतकऱ्याचाच मुलगा असावा. जाता जाता त्यानं पिंपातून वरचा एक घड उचलला आणि सेरेनाच्या हातात ठेवला. "ठेवा आजी. एका घडाला कोण विचारतंय."

तो घड सुरकुतलेल्या मण्यांचा होता, जड, हाताला चिकटणारा. सेरेना तो धरून उभी राहिली. गाडी वळवायला वेळ लागत होता, वाट अरुंद होती.

"रेब," ती म्हणाली, "चौथ्या सालाचं फळ सोडवून घ्यायचं ते मालकानंच ना?"

"मालकानंच."

"मग आता याचा मालक कोण?"

म्हाताऱ्याला तिचा प्रश्न कळला. त्यांनी घाईघाईनं खिशातून नाणं काढलं, आणि बोलू लागले, निवाडा देतात तसं. "ऐक. आपल्या शास्त्रात जमीन चोरता येत नाही. राजा आला, सैन्य आलं, कागद आले, तरी जमीन ज्याची त्याचीच राहते. ही बाग तुझी आहे, उद्याही. तोडलेल्या फळाचं वेगळं. तोडलेलं फळ लुटारूनं नेलं, तरी मालकानं मनातून सोडेपर्यंत ते मालकाचंच. मनातून सोडलं, गेलं म्हटलं, की मग त्याचं राहत नाही. तेव्हा तू म्हणालीस की मी सोडलेलं नाही, तर हा घड तुझा. मी नाणं धरतो, तू आशीर्वाद म्हण, आणि खा. मिक्शाच्या नावानं खा." ते तिच्याजवळ सरकले. "सोडलं नाहीस ना, सेरेना? नाही म्हण."

गाडी वळली होती. वार्कोनी बांधावर उभा होता, त्याला ही ज्यूंची बोली कळत नव्हती, पण तोही थांबला होता.

सेरेनानं खरोखरच आत पाहिलं. सप्टेंबरपासून तिनं जे जे छाटून लहान केलं होतं, जमीन, मग पीक, मग दोन पिंपं, मग हातातला एवढा घड, त्याच्या मागे काय उरलंय ते तिनं पाहिलं. पिंपामागे जो प्रश्न ठेवला होता तो तिथं उघडा बसलेला होता. जुलैनंतर कार्ड नव्हतं.

"एकदा खोटं लिहिलंय रेब," ती म्हणाली. "आता तुमच्यासमोर कसं बोलू? सुटलंय. माझ्या मनातून सगळं सुटलंय."

म्हाताऱ्याचा नाण्याचा हात खाली आला.

ती गाडीपर्यंत चालत गेली. घड पिंपात परत ठेवला, वरच्या वर, मणी चिरडू नयेत असा. बोटांना रस लागला होता. तो तिनं ओठांना लागू दिला नाही. वाकून मूठभर माती घेतली आणि दोन्ही हात चोळून चोळून पुसले.

"चला," पोलीस म्हणाला, आणि गेर्गेयनं बैलांना हाक दिली.